पाळणाघरातली सुरक्षितता: सकाळी दार उघडण्यापासून संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत

पाळणाघरात सर्वांत जास्त कुठे जपावं लागतं असं विचारलं, तर लोक जिना, शेगडी, विजेची बटणं अशी ठिकाणं सांगतात. ती बरोबरच आहेत. पण त्यांच्याइतकंच जपावं लागतं ते अदलाबदलीच्या वेळी. एक ताई जेवायला गेली आणि दुसरी आली, मुलं मैदानातून आत आली, बाळ आईच्या कडेवरून ताईच्या कडेवर गेलं, अशा वेळी. ‘तिचं लक्ष असेल’ असं दोघींनाही वाटतं आणि लक्ष कोणाचंच नसतं. म्हणून इथे पाळणाघराचा दिवस जसा सरकतो त्या क्रमानं कामं मांडली आहेत. वाचताना प्रत्येक कामापुढे तुमच्याकडच्या एका माणसाचं नाव लिहीत जा. ‘आपण सगळे बघतो’ हे उत्तर चालणार नाही.

परवाना, एका ताईमागे किती मुलं, जागा किती लागते याचे नियम ठिकाणानुसार बदलतात. ते आधी वाचा. तान्ह्या बाळांच्या बाबतीत मात्र माझं एक साधं मोजमाप आहे: आग लागली तर एक माणूस किती बाळं उचलून बाहेर धावू शकेल? दोन, फार तर तीन. कागदावरचा नियम याहून सैल असला, तरी तान्ह्यांच्या खोलीत याहून जास्त बाळं एकीच्या भरवशावर ठेवू नका.

मुलं येण्याआधी

सकाळची फेरी उभ्यानं मारू नका. गुडघ्यांवर बसून, जमलं तर रांगत खोलीत फिरा. टेबलाखालचं सुटलेलं स्क्रूचं डोकं, कपाटामागे घरंगळलेलं बटण, लोंबणारी वायर हे सगळं त्या उंचीवरूनच दिसतं.

बारीक वस्तूंसाठी एक सोपी चाचणी आहे. खेळण्यांच्या सुरक्षा तपासणीत साधारण 32 मिलिमीटर रुंदीची नळी वापरतात. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते, ती 3 वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही. ती नळी नसेल तर टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी घ्या. ती जरा रुंद असते, त्यामुळे तुमची चाचणी थोडी जास्तच कडक होईल आणि ते चांगलंच आहे. तीन वस्तू तर आकार न बघता बाहेर काढा: फुगे, ताकदवान छोटी चुंबकं आणि बटणासारखी चपटी बॅटरी. ही बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर 2 तासांत आतून गंभीर भाजू शकतं. रिमोट, वाजणारी पुस्तकं, चमकणारी खेळणी यांचं बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद आहे ना, हे रोज बघायचं. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी बाळाला उलटी करवू नका, लक्षणांची वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा.

बाकीची फेरी भराभर होते. कपाटं आणि शेल्फ भिंतीला पक्के बांधलेले हवेत, कारण मूल खण उघडून त्यांचीच शिडी करतं. पडद्याच्या दोऱ्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा गुंडाळा. खिडकी 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडता येऊ नये. नळाचं गरम पाणी 49 अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. बादली, टब रिकामे करून पालथे ठेवा, कारण तळाशी चार बोटं पाणी असलं तरी चालायला शिकणारं मूल त्यात बुडू शकतं आणि बुडताना आवाज होत नाही. आणि ताईंच्या पर्सेस कुलपात ठेवा. डोकेदुखीच्या गोळ्या, सुट्टी नाणी, सॅनिटायझर हे सगळं तिथेच असतं.

दारात

मूल आत घेताना त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत नीट बघा. डोळे लाल आहेत का, नाक कसं वाहतंय, अंगावर पुरळ आहे का, नेहमीसारखं हसतंय का. मग पालकांना तीनच प्रश्न विचारा: रात्री झोप कशी झाली, सकाळी काय खाल्लं, आणि काही औषध दिलंय का, किती वाजता. तिसरा प्रश्न कधीच विसरू नका. तापाचं औषध देऊन आणलेलं मूल दोन तास टवटवीत दिसतं आणि दुपारी फणफणतं. त्यातच वेळ माहीत नसेल तर औषधाचा दुसरा डोस लवकर दिला जाण्याची भीती असते.

अंगावर खरचटलेलं, काळंनिळं काही दिसलं तर तिथेच विचारा आणि वेळेसह लिहा. विचारताना आवाजात आरोप नको. मात्र जे बाळ अजून रांगतही नाही त्याच्या अंगावर काळानिळा डाग दिसला, तर तो गंभीर मानायचा. अशा वेळी काय करायचं आणि कोणाला कळवायचं याचा कायदा प्रत्येक ठिकाणी ठरलेला असतो आणि तो प्रत्येक ताईला माहीत हवा.

नोंदवहीत नाव असलेलं मूल ठरलेल्या वेळेत आलं नाही, तर पालकांना फोन करायचा. मेसेज नाही, फोन. हे काम हजेरीचं वाटतं, पण त्यामागे मोठं कारण आहे. मूल मागच्या सीटवर झोपलेलं असताना पालक नेहमीच्या वाटेनं थेट कामावर जाण्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. उन्हात बंद गाडीतलं तापमान 10 मिनिटांतच 10 अंश सेल्सिअसनी वाढू शकतं आणि लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा खूप लवकर तापतं. तुमचा एक फोन त्या मुलाचा जीव वाचवू शकतो. पाळणाघराची स्वतःची गाडी असेल तर चालकानं शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन, सीटखाली वाकून बघितल्याशिवाय गाडीला कुलूप लावायचं नाही.

मोजणी

नुसते आकडे मोजू नका. ‘अकरा आहेत, बरोबर’ म्हणताना दुसऱ्या गटातलं एक मूल आपल्यात आणि आपलं एक तिकडे, असं सहज होतं. यादीतलं नाव वाचायचं, त्या मुलाचा चेहरा बघायचा, मग खूण करायची. हे दिवसातून किती वेळा? प्रत्येक जागाबदलाला: बाहेर जाण्याआधी, बाहेर पोचल्यावर, आत येण्याआधी, आत आल्यावर, आणि ताई बदलताना. दोन ताईंनी एकमेकींशी तोंडानं बोलायचं: ‘हे नऊ तुझ्याकडे, ओवी संडासात आहे, तिला मीच आणते.’ समोरचीनं ‘घेतले’ म्हटल्याशिवाय पहिलीनं जागा सोडायची नाही.

खोलीत उभं राहण्याचीही जागा ठरवा. पाठ भिंतीकडे, तोंड मुलांकडे, म्हणजे सगळी खोली एका नजरेत येते. मैदानावर एक ताई चढण्याच्या खेळण्यांपाशीच हवी. तिथे टोपीच्या दोऱ्या, ओढण्या, गळ्यातल्या माळा नकोत, कारण घसरगुंडीच्या टोकाला त्या अडकल्या तर गळा आवळला जातो. चढायच्या खेळण्यांखाली रबरी थर किंवा भुसभुशीत वाळू हवी. गवत पुरेसं नाही, ते तुडवून तुडवून जमीन टणक होते.

हात आणि डायपर

पाळणाघरातले जुलाब, उलट्या, सर्दी यांचा बराचसा प्रवास हातांवरून होतो. त्यामुळे साबण आणि वाहतं पाणी, किमान 20 सेकंद चोळणं, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं. आल्यावर, खाण्याआधी, भरवण्याआधी, शी-शूनंतर, शेंबूड पुसल्यावर, बाहेर खेळून आल्यावर, औषध देण्याआधी. सॅनिटायझर हा पाणी नसतानाचा पर्याय आहे. जुलाब-उलट्यांची साथ आणणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही, हे लक्षात ठेवा. मुलांचे हात धुताना ताईनं शेजारी उभं राहून स्वतःचेही धुवावेत. मुलं बघून शिकतात.

डायपर बदलण्याचा क्रम भिंतीवर लावा आणि रोज तसाच पाळा:

1. आधी सगळं सामान हाताशी घ्या: नवा डायपर, पुसण्याचे ओले कापड किंवा वाइप्स, मलम कागदावर काढून, कपडे. डबीत पुन्हा पुन्हा बोट जाता कामा नये.
2. टेबलावर नवा कागद अंथरा, बाळाला ठेवा. इथून पुढे एक हात बाळावरच. काहीतरी विसरलं असेल तर बाळाला उचलून सोबत न्या. पट्टा बांधला म्हणून सोडून जाऊ नका.
3. पुढून मागे पुसा. दर वेळी नवं कापड.
4. घाण डायपर पायानं उघडणाऱ्या झाकणाच्या डब्यात. हातमोजे घातले असतील तर स्वच्छ डायपरला हात लावण्याआधी काढा.
5. नवा डायपर, कपडे, आणि मग बाळाचे हात धुवा. हे पाऊल सर्वांत जास्त वगळलं जातं. बाळ हात खाली नेतं आणि तोच हात तोंडात घालतं.
6. बाळाला सुरक्षित जागी सोडून टेबल आधी साबणपाण्यानं धुवा, मग जंतुनाशक फवारा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहू द्या. फवारून लगेच पुसलं तर त्याचा काही उपयोग होत नाही.
7. शेवटी स्वतःचे हात. वेगळं काही दिसलं असेल तर नोंद.

टेबल स्वयंपाकाच्या जागेपासून लांब हवं आणि डायपरच्या बेसिनमध्ये बाटल्या धुवायच्या नाहीत. ब्लीच वापरत असाल तर रोज ताजं पातळ करा, खोलीत मुलं नसताना आणि खिडक्या उघड्या ठेवून. ॲसिडच्या किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

खेळण्यांचा प्रश्न याच ओघात येतो. बाळानं तोंडात घातलेलं खेळणं दुसऱ्याच्या हातात जाण्याआधी धुवायलाच हवं. त्यासाठी उंचावर एक बादली ठेवा. ‘चोखलेली खेळणी’ तिच्यात पडत जातील आणि दिवसाअखेर एकदम धुतली जातील.

खाणं

प्रत्येक बाटलीवर आणि डब्यावर मुलाचं पूर्ण नाव आणि तारीख हवी. आईचं काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस राहतं. बाळानं तोंड लावलेली बाटली मात्र 2 तासांनंतर ओतून द्यायची, पावडरच्या दुधाची तर तासाभरातच. वाईट वाटतं, पण लाळेतले जंतू दुधात वाढतात. मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करू नका, बाहेरून कोमट लागलं तरी मध्ये चटका बसण्याइतकं गरम राहतं. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, अगदी बोटाच्या टोकावरही नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळांना बोटुलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो.

4 वर्षांखालच्या मुलांसाठी अख्खी द्राक्षं, शेंगदाणे आणि इतर कठीण दाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या-चॉकलेटं, कच्च्या गाजराचे तुकडे हे पदार्थ ताटात नकोत. द्राक्ष उभं चिरून चार फाका करायच्या. आडव्या चकत्या तितक्याच धोक्याच्या, कारण त्या श्वासनलिकेवर झाकणासारख्या बसतात. मुलांनी बसूनच खायचं आणि ताईनं त्यांच्या समोर बसायचं, पाठ करून भांडी घासायची नाहीत. घशात घास अडकलेलं मूल ओरडू शकत नाही.

ॲलर्जी असलेल्या मुलाचा फोटो, ॲलर्जीचा पदार्थ आणि काय करायचं, असं कार्ड स्वयंपाकघरात आणि वर्गात दोन्हीकडे ठेवा. बदली ताईला ते पहिल्या पाच मिनिटांत दाखवायचं. डॉक्टरांनी एपिनेफ्रिनचं पेन (ॲलर्जीचा तीव्र झटका आला की टोचायचं तयार इंजेक्शन) दिलं असेल तर झटक्याच्या वेळी ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं, रुग्णवाहिका बोलवायची, मूल आडवं ठेवायचं आणि त्याला चालायला लावायचं नाही. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्या. ॲलर्जीची गोळी किंवा सिरप त्या पेनची जागा घेऊ शकत नाही.

झोप

तान्ह्यांच्या खोलीत सर्वांत कडक नियम इथे लागतात आणि यावर पालकांशी वाद झाला तरी मागे हटू नका. वर्षाखालचं बाळ प्रत्येक झोपेला उताणंच ठेवायचं. कुशीवर नाही, पालथं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 1992 साली पालथं न झोपवण्याचा सल्ला दिला, 1994 पासून तिथे मोठी मोहीम झाली आणि झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

पाळणाघराला हे जास्त लागू होतं. घरी कायम उताणं झोपणारं बाळ एखाद्या दिवशी पालथं झोपवलं, तर सवय नसल्यामुळे त्याचा धोका आणखी वाढतो. नव्या जागी, नव्या ताईच्या हातून नेमकं हेच घडू शकतं. म्हणून नवी ताई पहिल्या दिवशी कामाला लागण्याआधीच तिला हे शिकवा.

पाळण्यात घट्ट, सपाट गादी आणि ताणून बसवलेली चादर, बस. उशी, लोड, सैल पांघरूण, मऊ खेळणी, कडेच्या गाद्या काहीही नको. थंडी असेल तर एक जास्तीचा कपडा घाला, पण तोंड आणि डोकं उघडं. मान, पाठ घामेजली असेल तर बाळाला उकडतंय. गळ्यातलं काढून ठेवा. बाळ झोळीत, खुर्चीत किंवा गाडीच्या सीटवर झोपलं तर उचलून पाळण्यात ठेवा, कारण अर्धवट बसल्या स्थितीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. स्वतःहून दोन्ही बाजूंना उलटायला लागलेलं बाळ झोपेत पालथं झालं तर तसं राहू द्या, सुरुवात मात्र उताणीच. जागेपणी, ताईच्या नजरेखाली, त्याला पोटावर खेळू द्या. मानेला त्याची गरज असते.

‘पण आमचं बाळ पालथंच झोपतं’ असं म्हणणाऱ्या आईला शांतपणे सांगा की डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय इथे तसं झोपवलं जाणार नाही. ही गोष्ट प्रवेश घेतानाच बोला. आणि दुपारी खोलीत एवढा प्रकाश ठेवा की ताईला प्रत्येक बाळाच्या ओठांचा रंग दिसेल आणि छातीची हालचाल दिसेल. कॅमेरा असला तरी ताई खोलीत हवी.

औषध आणि आजारपण

औषध द्यायचं तर पालकांची लेखी परवानगी, मूळ पाकीट, त्यावर मुलाचं नाव. देताना मूल, औषध, प्रमाण, वेळ, आणि कसं द्यायचं हे मोठ्यानं वाचा, दुसऱ्या ताईनं ऐकावं. मोजायला औषधाची सिरिंज वापरा, घरातले चमचे वेगवेगळ्या मापाचे असतात. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. दिल्या क्षणी नोंद करा, नंतर नाही.

मूल घरी कधी ठेवायचं याचे नियम आधीच लिहून पालकांच्या हातात द्या, म्हणजे सकाळी दारात घासाघीस होत नाही. ताप 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल आणि मूल मलूल असेल तर घरी. परत यायचं ते औषधाशिवाय 24 तास ताप नसल्यावर. 3 महिन्यांखालच्या बाळाला 38 ताप म्हणजे लगेच डॉक्टर. उलट्या-जुलाब थांबल्यावर 48 तास घरी थांबणं चांगलं. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यापासून 4 दिवस. गोवराचा रुग्ण खोलीतून गेल्यावरही 2 तास विषाणू हवेत राहू शकतो, त्यामुळे लसीकरणाचं कार्ड प्रवेशाच्या दिवशी आणि नंतरही ठराविक काळानं तपासा. साध्या सर्दीला किंवा उवांना मात्र मूल घाईनं घरी पाठवण्याची गरज नाही.

ताईंच्या लशीही पूर्ण हव्यात. आणि गरोदर ताईनं आपल्या डॉक्टरांना आपण पाळणाघरात काम करतो हे आवर्जून सांगावं. लाळ आणि लघवीतून पसरणारा सायटोमेगॅलोव्हायरस गर्भाला त्रास देऊ शकतो, तेव्हा डायपर आणि शेंबडानंतर हात धुण्यात तिनं कधीच ढिलाई करू नये.

घास अडकला, भाजलं, आग लागली

वर्षाखालचं बाळ: हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, खांद्यांच्या मध्ये तळहातानं 5 थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर 5 दाब. वस्तू निघेपर्यंत आलटूनपालटून. वर्षावरील मुलाला पाठीत 5 थापा आणि बेंबीच्या वर पोटावर 5 दाब. न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. मूल बेशुद्ध पडलं तर मदत बोलवून छातीवर 30 दाब आणि 2 श्वास हा क्रम सुरू करा. हे वाचून येत नाही. प्रत्येक ताईनं बाहुलीवर सराव करून प्रमाणपत्र घ्यावं आणि ठरलेल्या मुदतीत पुन्हा शिकावं.

भाजल्यास वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, तेल काही लावू नका.

आग आणि इतर आपत्तींचा सराव दर महिन्याला, वेगवेगळ्या वेळी करा. एकदा झोपेच्या वेळीही करा, कारण तीच खरी परीक्षा आहे. दाराजवळ एक पिशवी टांगलेली असावी: मुलांची यादी, पालकांचे फोन, तातडीची औषधं, डायपर, पाणी. बाहेर ठरलेल्या जागी पोचलात की पुन्हा नाव आणि चेहरा.

रडणं

बाळांचं रडणं साधारण दुसऱ्या महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि काही केल्या थांबत नाही, तेव्हा चांगल्या ताईचाही संयम सुटू शकतो. बाळाला जोरात हलवल्यानं मेंदूला कायमची इजा होते, जीवही जातो. म्हणून प्रत्येक ताईला हे वाक्य म्हणायची मोकळीक हवी: ‘मला दोन मिनिटं बाहेर जायचंय, याला घे.’ एकटी असेल तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून दोन पावलं मागे व्हायचं आणि फोन करून मदत मागायची. असं म्हणणाऱ्या ताईला कधी टोमणा मारू नका.

संध्याकाळी

मूल फक्त यादीतल्या माणसाच्या हाती द्या. ओळखीचे मामा आले तरी नाव यादीत नसेल तर पालकांना तुमच्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करा, मामांनी दाखवलेल्या नंबरवर नाही. दिवसभरातली पडझड, चावा, ताप हे पालकांना तोंडी आणि लेखी दोन्ही सांगा, आणि ते घरी जाऊन मुलाच्या अंगावर बघण्याआधी सांगा.

शेवटचं मूल गेल्यावर सगळ्या खोल्या, संडास, पाळणे, मैदान बघून यादीवर सही करायची. महिन्यातून एकदा अपघाताची वही सगळ्यांनी मिळून वाचा. तीच पायरी, तीच वेळ, तेच खेळणं पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्याच आठवड्यात ती जागा दुरुस्त करा किंवा ते खेळणं काढून टाका, आणि काय बदललं ते वहीत त्याच नोंदीखाली लिहा.